पुरेसं क्लोरीन

एप्रिल संपता संपता परसातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी वाटाण्याच्या सुपासारखं झालं, आणि लाइल ब्रँडवोल्डने ही गोष्ट मुलीपासून लपवायचं ठरवलं. पण जनेल त्या रविवारी फोन न करता थेट परसातच येऊन उभी राहिली.

"डॅड, हे काय आहे?"

"पाणी."

"त्यात बेडूक आहे!"

"तो शेजारचा आहे."

जनेल हसली नाही. आई गेल्यापासून ती या घरात फारशी हसत नव्हती, आणि फारशी येतही नव्हती. "तलाव मॉम बघायची. तुला तर पोहताही येत नाही. कोणासाठी ठेवायचा हा? बुजवून टाकू, वर खडी पसरू, चार निवडुंग लावू. सगळं मेसा शहर तेच करतंय."

लाइलची बायको कोरीन रोज सकाळी पोहायची आणि तो काठावर कॉफी घेऊन बसायचा. ती या टोकाला आली की एखादं वाक्य बोलायची, वळायची, आणि त्याचं उत्तर ऐकायला पुन्हा परत यायची. सगळा संसार त्यांनी असा तुकड्यातुकड्याने बोलून काढला होता. अजूनही तो सकाळी तिथेच बसत असे. निवडुंगापाशी बसून काय करणार?

"पाणी नितळ होईल," तो एवढंच म्हणाला.

"मेच्या अखेरीला, मेमोरियल डेच्या सुट्टीपर्यंत? ठीक आहे. त्या दिवशी लोकांना जेवायला बोलव. पाणी पोहण्यासारखं असेल तर मी परत विषय काढणार नाही. नसेल, तर दुसऱ्या दिवशी माती टाकणाऱ्याला फोन."

तलावाचं पाणी किंचित खारट ठेवलेलं होतं, आणि गॅरेजच्या भिंतीवरचं यंत्र विजेच्या जोरावर त्या मिठाचं क्लोरीन करत असे. लाइलने यंत्र उघडलं. आतल्या पट्ट्यांवर चहाच्या किटलीत साचतो तसा पांढरा थर होता. त्याने पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केल्या, यंत्र चालू केलं आणि पाणी तपासलं. तपासायची रीत सोपी होती. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, नळी हलवून उजेडात धरायची. जितकं गुलाबी, तितकं क्लोरीन.

रंग फिकट आला. त्याने यंत्राचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि पंप रात्रंदिवस चालू ठेवला. पाणी निवळू लागलं, बेडूक आपल्या घरी गेला, गुलाबी रंग गडद झाला. इथे थांबायला हवं होतं. पण लाइल थांबला नाही, आणि एके दिवशी नळीतलं पाणी गुलाबी झालंच नाही. क्लोरीन शून्य.

तो शेजारच्या रूडी एस्कामियाकडे धावला. रूडी अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. त्याच्या घरी तलाव नव्हता, त्यामुळे तलावांबद्दल त्याची मतं अगदी पक्की होती.

"उन्हाने खाल्लं," रूडी म्हणाला. "ॲरिझोनाचं ऊन पत्र्याची मेलबॉक्स खातं, क्लोरीन म्हणजे काय चीज आहे! तुझं ते यंत्र म्हातारं झालंय लाइल, तुझ्यासारखं. वरून घालावं लागणार."

रूडीने पातळ क्लोरीनचे कॅन आणून ओतले. पाणी तपासलं. शून्य. पुन्हा ओतले. शून्य.

"हा तलाव आहे की चाळण?" रूडी म्हणाला. "तलावाच्या सामानाच्या दुकानात नेऊन का दाखवत नाहीस?"

लाइल पाण्याची बाटली घेऊन दुकानापर्यंत जाऊन आला होता, पण गाडीतून उतरला नव्हता. तिथल्या माणसाने "कोरीन कशी आहे?" असं विचारलं असतं. "बंद होतं," त्याने सांगितलं.

मेमोरियल डेला पाणी असं दिसत होतं की तळाची फरशी मोजून घ्यावी. जनेल काठावर बराच वेळ बघत राहिली. "मॉमच्या वेळी पण इतकं स्वच्छ नसायचं," ती शेवटी म्हणाली.

"फक्त क्लोरीन शून्य आहे," लाइल हळूच रूडीला म्हणाला. "उतरायला चालेल ना?"

"शून्य म्हणजे नळाचं पाणी! मी आहे ना," असं म्हणत रूडीने नव्या कोऱ्या निळ्या चड्डीत उडी घेतली. मग बिअरचा कॅन पोटावर ठेवून तो तासभर तरंगत राहिला. बाकीची मंडळी अजून कणसं आणि मांस भाजत होती.

"लाइल, डोळे चुरचुरतायत रे," असं म्हणत तो बाहेर आला, तशी त्याची बायको लूपे हातातला चिमटा खाली ठेवून उभी राहिली.

"रूडी, चड्डी कुठे गेली?"

"अंगावर आहे की!"

"ती निळी होती. आणि मिशी?"

"मिशीला काय झालं?"

रूडीची काळीभोर मिशी जन्मतःच तशी आहे असं तो गेली अनेक वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. आता ती गाजराच्या रंगाची झाली होती. लूपेने त्याला होजपाइपखाली उभं करून धुवायला घेतलं. तेव्हा हसणाऱ्यांत जनेलही होती. तिला पोट धरून हसताना लाइलने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

त्याने नळी पुन्हा भरली. एरवी थेंब टाकले की तो खाली बघून नळी हलवायचा. या वेळी त्याने नजर काढली नाही. पाणी क्षणभर लालभडक झालं आणि लगेच कोरं. मग त्याने तलावाचं पाणी अगदी थोडं घेतलं आणि उरलेली नळी पिण्याच्या पाण्याने भरली. नळी बिटासारखी लाल झाली, आणि लालच राहिली.

"म्हणजे क्लोरीन कमी नव्हतंच?" जनेलने विचारलं.

"इतकं जास्त होतं की औषधाचा रंगही खात होतं."

"माझी मिशी विसरू नका," रूडी होजखालून ओरडला.

जेवणं काठावरच झाली. पाहुणे गेल्यावर जनेल म्हणाली, "पाणी नितळ आहे, पण पोहता येत नाही. मग जिंकलं कोण?"

"पाणी ठीक होईपर्यंत काही ठरवू नकोस."

"बरं. तोपर्यंत मी इथेच राहते. तुझ्यावर माझा काडीचा भरवसा नाही. आणखी काहीतरी ओतशील."

लाइलने यंत्र बंद केलं. उरलेलं काम उन्हाचं होतं. जनेल तिचं ऑफिसचं काम जेवणाच्या टेबलावर मांडून राहिली. सकाळी दोघं कॉफी घेऊन काठावर बसू लागले. पहिल्या दिवशी ती क्लोरीनबद्दल बोलली. मग आईबद्दल बोलली, थांबली, आत जाऊन कप भरून आली आणि पुढचं बोलली. लाइलने ऐकलं, मग तोही बोलला. दुकानातल्या माणसाबद्दलही सांगितलं. जनेलने आधी चौकशी करून ठेवलेल्या माती टाकणाऱ्याचा फोन आला तेव्हा तिने "आत्ता नाही, पाणी ठीक नाहीये" असं सांगून ठेवून दिला.

पण ऊन आपलं काम इमानाने करत होतं. नळीतला लाल रंग आधी गडद गुलाबी झाला, मग नुसता गुलाबी. आता कधीही तो फिकट दिसला असता. पाणी ठीक, की जनेलची बॅग गाडीत. तलाव राहील की जाईल, याची लाइलला आता तेवढी काळजी वाटत नव्हती.

एका सकाळी तो चपला न घालता गॅरेजमध्ये गेला. बटण अगदी थोडंसं फिरवायचं, एवढंच त्याने मनाशी ठरवलं होतं. रूडीची मिशी पुन्हा धोक्यात येण्याइतकं नाही.

यंत्राचा हिरवा दिवा लागलेला होता.

लाइलने ते स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. आता बटण अगदी थोडंसंच फिरवलेलं होतं, त्याने फिरवलं असतं बरोबर तेवढंच. रूडी मिशीचा रंग गेल्यापासून या बाजूला फिरकला नव्हता. लाइल भिंतीपाशी उभा राहिला. स्वयंपाकघरातून तव्यावर अंडं फोडल्याचा आवाज आला.

"डॅड, तिथे आहेस का? पाणी कसंय आज?"

त्याने पाणी तपासलं नव्हतं. नळीही बरोबर आणली नव्हती.

"जास्त आहे अजून," तो म्हणाला. "अजून थोडे दिवस लागतील बहुतेक."

"मलाही तसंच वाटलं," जनेल म्हणाली, आणि आणखी एक अंडं फुटल्याचा आवाज आला.