हाजरीची तीन, उजवीकडचं एक

सुईदोऱ्याच्या जोरावर मी एकदा एका आचाऱ्याला शूरवीर करून टाकलं होतं. दहा मिनिटंच टिकला तो पराक्रम, पण साऱ्या गावासमोर टिकला. नातीला ही हकीकत सांगितली तर ती म्हणाली, आजी, तू तेव्हापासूनच अशी आहेस का? म्हटलं, तेव्हा जास्त होते. आता निदान गुडघे मला अडवतात.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ह्यांची बँकेतून अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात बदली झाली आणि आम्ही आधारनानांच्या घरात भाड्यानं राहायला गेलो. मी जळगावची, वय सव्वीस, शिवणकामाचा डिप्लोमा फ्रेम करून भिंतीवर लावलेला. जगात जे जे वाकडं आहे ते सरळ करायला देवानं मला पाठवलंय, अशी माझी पक्की समजूत होती. कुणाच्याही घरी गेले की आधी त्यांचं कॅलेंडर सरळ करायचं, मग बसायचं. नानांच्या बायकोचे, अक्कांचे, डबे मी पहिल्याच आठवड्यात उंचीप्रमाणे लावून दिले. पुढचा महिनाभर त्या बिचाऱ्या जिरं शोधत होत्या आणि मला एका शब्दानं बोलत नव्हत्या.

नाना फौजेतून निवृत्त झालेले. चोवीस वर्षं नोकरी, पण सगळी लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. पेन्शनीत आले तरी त्यांचा हात दोनशे माणसांवरून खाली आला नव्हता. चार कप चहा टाका म्हटलं की आधी बादली शोधायचे. मी एकदा फौजी डाळीची कृती विचारली, तर त्यांनी चौदा किलो डाळीपासून सुरुवात केली. दोघांपुरतं सांगा म्हटल्यावर बराच वेळ आकाशाकडे बघत भागाकार करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दोन मानूसले मीठ कितलं, ते देवले ठाऊक."

रोज सकाळी अकराला ते आमच्या दारात चमचा घेऊन उभे राहत. "नमुना." फौजेत जेवण वाढण्याआधी साहेब चाखून बघतो, तो नमुना. मी निमूटपणे कढईतलं घासभर पुढे करायची. ते डोळे मिटून चाखत आणि निकाल देत. "पास." नाहीतर, "पलटन बंड करी." माझी पलटन म्हणजे एकटे हे. ह्यांनी कधी बंड केलं नाही, मुकाट गिळलं.

वर्षातून दोनदा, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला, नाना निळा कोट चढवून पदकं लावत. डावीकडे तीन. कोणी कौतुक केलं की एकेकावर बोट ठेवून सांगत, "हाई हाजरीनं. हाई बर्फमा हाजरीनं. हाई लढाई व्हयनी तवयनं, तेबी हाजरीनंच." शूर म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे. बंदूक कमी धरली, झारा जास्त धरला, म्हणत. उजवीकडे मात्र एकच पदक होतं, लाल फितीचं, फितीच्या मधोमध पांढरी रेघ. त्याच्यावर ते बोट ठेवत नसत. मी पंधरा ऑगस्टला ते पाहिलं आणि मनाशी निकाल लावून टाकला, की म्हाताऱ्याला डावीकडे जागा पुरली नसेल. विचारावं असं काही वाटलं नाही. मी त्या काळी फार बोलायची, त्यामुळे विचारायला वेळ मिळत नसे.

पंचवीस जानेवारीला अक्कांनी कोट आणून दिला. खिसा उसवला होता. तो मी शिवला आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण पदकं सेफ्टी पिनांनी लोंबकळत होती, एक इकडे, तीन तिकडे. मला ते बघवेना. सगळी काढली, पट्टीनं माप घेतलं आणि चारही डावीकडे एका ओळीत पक्की शिवून टाकली, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यानं. लाल फीत उठून दिसत होती म्हणून ती सर्वांत पुढे. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरात नाव कोरलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी फक्त ओळ सरळ आहे का ते पाहिलं. ओळ फारच सरळ होती.

सव्वीस तारखेला नाना शाळेतल्या पोरांसाठी पुरीभाजी करत. त्याला ते बडा खाना म्हणत. पहाटेपासून ते शाळेमागे कढईपुढे होते. झेंड्याची वेळ झाली तशी मी कोट घेऊन गेले. त्यांनी तेलकट चष्मा काढून खिशात टाकला, चालता चालता कोट अंगात घातला आणि ओळीत जाऊन उभे राहिले.

पाहुणे म्हणून धुळ्याचे एक निवृत्त मेजर आले होते. झेंडावंदन झाल्यावर ते लोकांना भेटत भेटत नानांपाशी आले, त्यांच्या छातीकडे बघून थबकले आणि टाच जुळवून त्यांनी कडक सलाम ठोकला. मग हाताला धरून नानांना माईकपाशी नेलं आणि म्हणाले, या गावात सेना पदक मिळवलेला बहाद्दर आहे आणि मला कोणी सांगितलंही नाही.

सारं मैदान गप्प झालं. मला वाटलं, या गावाला आपल्या माणसाचं कौतुकच नाही. म्हणून मी एकटीनं टाळ्या वाजवल्या.

नानांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मान खाली घालून पाहिलं. आपल्या खिशात दुसऱ्याचं पाकीट सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला. माईकवरच म्हणाले, "साहेब, हाई मनं नही. मी रसोइया. हाई मना आंडोरनं शे." आंडोर म्हणजे मुलगा. मग एका दमात त्यांनी नंबर सांगितला, हुद्दा सांगितला, नाव सांगितलं. सिपाही रवींद्र आधार. जरा थांबून म्हणाले, "मरणोत्तर."

माझे हात टाळीच्या बेतातच राहिले. मेजर शेजारच्या गुरुजींना हळू आवाजात सांगत होते, की स्वतःची पदकं डावीकडे आणि घरातल्या गेलेल्या माणसाचं उजवीकडे, असा फौजेचा रिवाज आहे. नाना पदक काढायला गेले. निघेना. मेजरांनी ओढून पाहिलं. डिप्लोमाची शिलाई ती, कशी निघणार? शेवटी मलाच पुढे जावं लागलं. कात्री नव्हती. गुरुजींनी कपाटातून पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड आणून दिलं आणि मी गावासमोर माझाच एकेक टाका उसवत बसले. दोरा हटत नव्हता.

नाना सावधान उभे. तोंडापुढे माईक चालूच. किती वेळ गप्प उभे राहणार? ते बोलायला लागले. रवी बोरी नदीत दिवसदिवस डुंबायचा. गुळाची ढेप कुरतडायचा आणि उंदरावर ढकलायचा. फौजेतून पत्रात लिहायचा, की इथली डाळ फार पातळ आहे, तुम्ही या आणि साहेबाला दाखवा कशी करतात ते. शेवटच्या सुट्टीत त्यानं हौसेनं बापासाठी खिचडी केली. कच्ची राहिली होती.

"मी त्याले नापास करं," नाना म्हणाले. "खाई लेवाले पाहिजे व्हती."

माझ्या मनगटावर पाण्याचा थेंब पडला. मी वर पाहिलं नाही. पदक सुटलं तेव्हा मेजरांनी ते उजवीकडे लावलं आणि पुन्हा सलाम केला.

मी तिथून पळाले. आजच ह्यांना बदलीचा अर्ज करायला लावायचा, असं ठरवतच घरापाशी आले, तर अक्का माझ्याच ओट्यावर बसलेल्या. त्या झेंडावंदनाला येत नसत. पण शाळेच्या भोंग्यातला शब्द न् शब्द आमच्या आळीत ऐकू येई, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या घरात एकही फोटो का नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. पुढे कळलं, की पोरगा गेल्यावर नानांनी ते पदक सोडून त्याच्या सगळ्या वस्तू पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि त्याचं नाव घेणं, अक्कांपाशीसुद्धा, सोडलं होतं. त्यांना त्रास नको म्हणून गावानंही सोडलं होतं.

मी अक्कांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं. ब्लेडनं माझं बोट कापलं होतं, ते मलाच ठाऊक नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटावर घट्ट दाबून धरलं. मग समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या:

"चार वरीस माले वाटे वं माय, पोऱ्या मना एकलीनाच गया."