माणूस असल्याचा दाखला

तुम्ही कुंडलिकला बाद केलंत, आणि तेही तो जिंकला म्हणून. जिल्हा बुद्धिबळ समितीच्या मान्यवरांनो, हा माझा सरळ आरोप आहे.

शहाण्णव सालच्या दसऱ्याला समितीने टेंभी नाक्याच्या कचेरीत बुद्धिबळ खेळणारा संगणक आणला. कळफलकाला हळद-कुंकू वाहिलं, पडद्याला झेंडूचा हार घातला आणि परिपत्रक काढलं : 'मानवी खेळाडूंनी यंत्राचे गुण अंगी बाणवावेत. यंत्र चहा मागत नाही. यंत्र प्रवासभत्ता मागत नाही. यंत्र निवडीवर हरकत घेत नाही.' चहा त्याच दिवशी बंद झाला.

यंत्र खरंच काय शिकवतं, हे एकट्या कुंडलिकने पाहिलं. तो कोळसेवाडीतल्या चाळीत राहतो, डोंबिवलीला रंगाच्या कारखान्यात पाळी करतो. महिनाभर तो चपला बाहेर काढून त्या देवासमोर बसला आणि रोज हरला.

"काय शिकलास रे?" मी विचारलं.

"ते मागची चूक उगाळत बसत नाही. वेडीवाकडी वाटणारी चालसुद्धा तपासून बघतं. आणि समोर कोण बसलाय ते बघतच नाही, नुसता पट बघतं. असा समोरचा मला पहिल्यांदाच भेटला."

राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून एकच जागा होती. यंत्राशी जो सर्वांत चांगला खेळेल तो जाणार, असं ठरलं. सचिवांचा भाचा हरिहर अकराव्या चालीला हरला. कुंडलिक जिंकला. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली : हार मान्य.

सचिवांनी तातडीने मेकॅनिक बोलावला. यंत्र हरलं म्हणजे बिघडलंच असणार. मेकॅनिकने पाऊण तास उघडझाक करून सांगितलं, "ठणठणीत आहे साहेब."

"मग बिघाड खेळाडूत आहे," सचिव म्हणाले. "यंत्राला यंत्रच हरवू शकतं, आणि स्पर्धा तर मानवांची आहे. कुंडलिक, शुक्रवारपर्यंत माणूस असल्याचा दाखला आण."

कुंडलिक खाडा करून दाखल्यांच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या सुमतीबाईंनी सगळे गठ्ठे उपसले.

"भाऊ, जन्माचा आहे, जातीचा आहे, रहिवासाचा आहे. माणूस असल्याचा फॉर्मच छापत नाही हो आम्ही. हयातीचा चालेल का?"

चालला नाही. 'हयात तर म्हैसही असते,' असा शेरा सचिवांनी मारला. सोबत जोडलेला जातीचा दाखला मात्र त्यांनी दोनदा वाचला.

"आणि हरिहरचा दाखला?" मी भर सभेत विचारलं.

"तो अकरा चालींत हरला ना! माणूस असल्याचा याहून ढळढळीत पुरावा काय हवा?"

एवढं विचारून मीही खाली बसलो. शनिवारी हरिहर रवाना झाला. कुंडलिक पाळीवर गेला.

वाचकहो, हसू नका. त्या खोलीत कुंडलिक सोडून आम्ही बावीस खेळाडू होतो. कुंडलिक जिंकला तेव्हा बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या. "कोणाची हरकत?" असं सचिवांनी विचारलं तेव्हा बावीस जणांनी फरशी बघितली. परिपत्रकातला तिसरा गुण आमच्या अंगी पुरता बाणला होता.

यंत्राने हार मानली ती एका ओळीत. मला समितीकडून तेवढीच एक ओळ हवी आहे. आणि एक तुमच्याकडूनही : तेविसावे तुम्ही असतात, तर हात वर केला असता का? उत्तर द्या.