रत्नपाल बोलतो हो!

"फोटोचं पाकीट दाखवायचे दिवस गेले आता!" करुणाबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवून जाहीर केलं. "पाव्हण्यांना मी प्रेझेंटेशन दाखवणार. पडद्यावर! आपला रत्नपाल स्वतः बोलंल त्यांच्याशी!"

प्रेमानंदराव दाढी करत होते. त्यांचं ब्लेड गालावरच थांबलं. बायकोनं असे कमरेवर हात ठेवले, की घरातली एखादी चांगली चालणारी वस्तू बंद पडते, हा त्यांचा लग्नापासूनचा अनुभव होता. मिक्सर असाच गेला. पाण्याची मोटार अशीच गेली.

"त्यापरीस आल्बम दाखवू," ते आरशाकडं बघत म्हणाले. "आल्बम हँग होत न्हाई."

"तुमी गप बसा. कोर्स कुणी केला? मी का तुमी?"

कोर्स करुणाबाईंनीच केला होता. हिंगोलीतल्या कॉम्प्युटर क्लासात, कॉलेजच्या पोरापोरींच्या मधे बसून, माऊसला हात लावायच्या आधी दर वेळी पदराला हात पुसून. त्याचं सर्टिफिकेट हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं होतं, आणि चहा पिताना ते दिसेल अशाच खुर्चीवर पाहुण्याला बसवायची त्यांची पद्धत होती.

आणि आजचे पाहुणे काही साधेसुधे नव्हते. रत्नपाल म्हणजे करुणाबाईंच्या भावाचा पोरगा. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आत्याच्याच हातचं खाऊन वाढलेला. आता मस्कतला क्रेन चालवायचा आणि सुट्टी मिळायची ती थेट मे महिन्यात. इकडं कनेरगाव नाक्याच्या हरिचंदभाऊंची लेक साक्षी करुणाबाईंच्या मनात भरलेली. नर्सिंग शिकलेली, पाणीदार डोळ्यांची पोरगी! पण तिच्यासाठी वाशीमच्या एका मास्तरचंही स्थळ आलेलं. मास्तर हजर, मास्तरची नोकरी हजर, मास्तरची मोटारसायकलही हजर. आणि मास्तरला हो की नाही ते आज संध्याकाळी कळवायचं होतं!

मग मस्कतमधल्या माणसानं हजर तरी कसं व्हायचं? तर असं. रत्नपालच्या एका दोस्तानं कॅमेऱ्यावर त्याचं बोलणं टिपलं, सीडीत भरलं आणि गावी येताना सोबत आणलं. करुणाबाईंनी सुरुवातीचं थोडं ऐकलं, "बराबर बोलून राहिलाय" म्हणून समाधान मानलं, आणि ते प्रेझेंटेशनमध्ये बसवलं. बाकीचं पाव्हण्यांसोबतच ऐकू, असं ठरवलं. लग्नाचं शूटिंग घेणाऱ्या ओळखीच्या पोराकडून प्रोजेक्टर आला. भिंतीवर पांढरी चादर खिळ्यांनी ठोकली. सकाळी करुणाबाईंनी कॉम्प्युटरवरून शेवटचा हात फिरवला, जिथं तिथं नीटनेटकं केलं, आणि मगच पोह्यांचे कांदे चिरायला घेतले.

पाहुणे जीपनं आले. हरिचंदभाऊ, त्यांची आई जनकाबाई आणि स्वतः साक्षी. घर बघायला येताना मुलगी आणत नाहीत, हे खरं. पण "पोरगं पडद्यावर दिसणार, तर जिला दिसायला पाहिजे तीच काहून घरी ठेवायची?" असं करुणाबाईंनी फोनवर सुनावलं होतं.

जयभीम झाले, पाणी झालं, पोहे झाले. पडदे ओढले. प्रेमानंदरावांनी प्रोजेक्टर लावला.

सुरुवात काय झोकात झाली म्हणता! 'सुस्वागतम्' ही अक्षरं एकेक करून उडत आली आणि प्रत्येक अक्षर काच फुटल्यासारखा आवाज करत चादरीवर आदळलं. जनकाबाई दर अक्षराला दचकत होत्या. मग घर आलं, अंगण आलं, नवीन बांधलेलं बाथरूम आलं, रत्नपालची दहावीची मार्कशीट गरगरत आली. क्रेनवर बसलेला रत्नपाल आला.

"उंचावर काम करतं व्हय पोरगं!" हरिचंदभाऊ खूश होऊन म्हणाले.

"आता ऐका," करुणाबाई म्हणाल्या. "आता तो स्वतःच बोलतो."

त्यांनी बटण दाबलं. चादरभर रत्नपालचा चेहरा आला. बोलायला सुरुवात करताना टिपलेला, त्यामुळं तोंड उघडं. परातीएवढं उघडं! मागची पडजीभ तेवढी दिसायची राहिली होती.

सगळे वाट बघत बसले. रत्नपालही वाट बघत बसला.

करुणाबाईंनी पुन्हा क्लिक केलं. मग दोनदा केलं. मग भजी तळताना झारा आपटतात तसा माऊस आपटला. रत्नपाल ढिम्म!

"तोंड तर उघडलंय," जनकाबाई पुढं वाकून म्हणाल्या. "बोलंना काहून?"

"बोलंल आजी. मशीन जरा गरम व्हायचीय."

प्रेमानंदराव पुढं सरसावले. बंद पडलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडं एकच औषध होतं, वायर हलवणं. त्यांनी मागची वायर हलवली, तर रत्नपाल हिरवा झाला. दुसरी हलवली, तर तो चादरीवर तिरपा झाला. तिसरी हलवली आणि सगळंच गेलं.

"अहो, ती पलगची होती!"

"मंग आदी सांगावं ना!"

कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला लागला. चादरीवर निळा प्रकाश पडला आणि त्यात जनकाबाईंचा संशयी चेहरा स्वच्छ दिसला. पुन्हा 'सुस्वागतम्' उडत आलं, पुन्हा काचा फुटल्या, पुन्हा बाथरूम दिसलं. आणि पुन्हा रत्नपाल तोंड उघडून गप्प!

"बंडोपंतांना बोलावतो," प्रेमानंदराव म्हणाले.

शेजारचे बंडोपंत म्हणजे कचेरीत कॉम्प्युटरवर बसणारे गृहस्थ. ते बनियनवर शर्ट चढवत आले, पाहुण्यांकडं न बघताच खुर्चीत बसले आणि डॉक्टर पोट दाबून बघतात तसे इकडं तिकडं क्लिक करू लागले. स्पीकरचा आवाज त्यांनी पार शेवटापर्यंत नेला. त्याबरोबर कॉम्प्युटरनं असा काही 'टणटण' नाद केला, की साक्षीच्या हातातली बशी सांडली.

"आवाज येतोय," बंडोपंत गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे स्पीकर ठणठणीत आहे. कॉम्प्युटर ठणठणीत आहे. वहिनी, दोष मशीनमध्ये नाही. दोष तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे."

हरिचंदभाऊंनी आईकडं बघितलं.

"म्हणजे व्हिडिओच्या बाजूनं हो!" करुणाबाई किंचाळल्या.

"तेच म्हणतोय मी. मूळचाच दोष असणार. असं असलं की मग काही इलाज नसतो." एवढं बोलून बंडोपंत पोह्यांची बशी घेऊन आपल्या घरी निघून गेले!

जनकाबाईंनी लेकाला कोपरानं ढोसलं. कुजबुजायला गेल्या, पण जन्मभर शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारलेला गळा तो. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "हरिचंद, आपल्या साखरा गावच्या सुमीचं असंच झालतं. बघायला गेलो तवा सांगितलं, नवरदेवाची दाढ दुखून राहिली. लग्नानंतर कळलं, पोरगं जल्माचं मुकं!"

"आजी, रत्नपाल बोलतो हो!" करुणाबाईंचा आवाज चिरकला. "लई बोलतो! लहानपणी झोपंत बी बोलायचा!"

"मंग फोन लावा की."

लावला. फोनमधली बाई आधी अरबीत आणि मग इंग्रजीत काहीतरी म्हणाली. त्यात रत्नपालचा आवाज काही नव्हता.

"क्रेनवर असंल. वर फोन चालत न्हाई," प्रेमानंदराव म्हणाले.

"व्हय, व्हय," हरिचंदभाऊ म्हणाले. हे 'व्हय व्हय' फार वाईट होतं. जीपची किल्ली त्यांच्या हातात आली होती.

करुणाबाई दारात धावल्या. समोर रुक्माबाई दळण घेऊन चालल्या होत्या. रत्नपालला लहान असल्यापासून पाहिलेली बाई! "रुक्माबाई, या, आत या! या पाव्हण्यांना सांगा, आपला रत्नपाल कसा हाय?"

रुक्माबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला, पदर नीट केला आणि मनापासून साक्ष दिली. "रत्नपाल? अरारा, काय गुणाचं लेकरू! वीस वर्सं समोर ऱ्हातो आमी, पण तोंडातून शब्द म्हणून ऐकला न्हाई कदी! हाक मारली तर नुसती मान हलवायचं. असं गरीब पोरगं दिवा घेऊन हुडकलं तर घावायचं न्हाई!"

आणि समाधानानं डबा उचलून त्या चालत्या झाल्या. करुणाबाईंना वाटलं, त्याच डब्यात तोंड घालावं.

"चला," हरिचंदभाऊ उठले. "ताई, राग मानू नका. तुमचं घर चांगलं हाय, मानसं चांगली हाइत. पन पोरीच्या जल्माचा सवाल हाय. वाशीमवाल्यांना सांजच्याला सांगायचंय."

साक्षीही उठली. उठता उठता तिनं चादरीवरच्या उघड्या तोंडाकडं एकदा बघितलं. हसली की काय, ते अंधारात कळलं नाही. पण करुणाबाईंनी ते बघणं बघितलं. पोरगी हातची चालली. दोष ना पोराचा, ना पोरीचा. मग कुणाचा?

आणि एकदम त्यांना सकाळ आठवली. शेवटचा हात फिरवला ती सकाळ!

त्याचं असं होतं. प्रेझेंटेशनच्या पोटात व्हिडिओ नसतोच मुळी. तो शेजारी वेगळा ठेवलेला असतो, आणि प्रेझेंटेशनला त्याचं फक्त नाव ठाऊक असतं. वेळ आली की त्या नावानं ते हाक मारतं. मस्कतच्या दोस्तानं व्हिडिओला जे नाव दिलं होतं, ते करुणाबाईंना सकाळी दिसलं आणि अंगावर काटा आला. पाव्हण्यांच्या नजरेला चुकून पडलं तर? म्हणून लग्नपत्रिकेत छापतात तसं, मानानं, त्यांनी ते बदलून ठेवलं होतं, 'आयुष्मान रत्नपाल'. आता प्रेझेंटेशन बिचारं जुन्या नावानं हाका मारून राहिलं होतं, आणि पोरगं 'आयुष्मान' होऊन शेजारीच गुपचूप बसलं होतं!

जुनं नाव परत टाकलं की झालं. पण टाकायचं कुठं? प्रोजेक्टर लावायला वायर एकच, ती मॉनिटरची काढून घेतलेली. जे काही टायपायचं ते भिंतीवर, चादरभर, पाहुण्यांच्या समोर!

"भाऊ, एक मिनिट बसा," करुणाबाई म्हणाल्या. "एकच मिनिट. तुमाला पोराच्या आईची आण... म्हंजे माझीच."

हरिचंदभाऊ बसले नाहीत, पण थांबले. करुणाबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. पदराला हात पुसले. 'आयुष्मान रत्नपाल' पुसलं. आणि मान खाली घालून, एकेक बटण हुडकत, त्यांनी टायपलं. चादरीवर हातभर उंचीचं एकेक अक्षर उमटत गेलं.

साक्षीनं ते हळूच वाचलं, "ढोल्या?"

"लहानपनी जाड होता जरा," करुणाबाई मेल्याहून मेल्यासारख्या होऊन म्हणाल्या. "सगळे तसंच म्हंत्यात त्याला. आता न्हाई तेवढा. जरासाच हाय."

"आमच्या ह्यालाबी बेडक्या म्हणायचे," जनकाबाईंनी लेकाकडं बोट दाखवलं. हरिचंदभाऊ किल्लीकडं बघू लागले.

पुन्हा 'सुस्वागतम्'. पुन्हा काचा. पुन्हा बाथरूम. जनकाबाई आता दचकत नव्हत्या, पुढं काय येणार ते आधीच सांगत होत्या. मग ते उघडं तोंड आलं. करुणाबाईंनी क्लिक केलं.

आणि रत्नपाल बोलला!

"जयभीम! मी रत्नपाल. आत्या म्हनली पाच मिन्टं बोल. आता काय बोलावं? हितं नुसती वाळू हाय. मला खिचडी करता येती. दुसरं काय येतं म्हनाल, तर दुसऱ्या दिवशी बी खिचडीच येती. क्रेनवर दिवसभर एकटा बसतो, बोलायला कोनीच न्हाई, त्यामुळं एकदा बोलायला मिळालं की माजं लई होतं, तर संबाळून घ्या. दोन वर्सांनी मी कायमचा परत येनार हाय. आत्याचे गुडघे दुकून राह्यलेत. ती सांगत न्हाई, पन जिना चढताना तिचा फोनवर आवाज बदलतो..."

करुणाबाईंनी एकदम चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

रत्नपाल थांबेना. तो क्रेनबद्दल बोलला, खोलीतल्या केरळच्या दोस्ताबद्दल बोलला, उंटाबद्दल बोलला. पोरीला पसंत असलं तर तिनंच सांगावं, घरच्यांनी सांगितलेलं मला चालणार न्हाई, असं बजावून पुन्हा उंटाकडं वळला. चहा आला, प्यायला, कप आत गेले. हरिचंदभाऊंनी दोन जांभया दिल्या. प्रेमानंदराव कानाशी येऊन पुटपुटले, "अवं, बंद कर आता." करुणाबाईंनी कोपऱ्यातलं बटण दाबलं, मग दुसरं दाबलं. बोलायला लावणं जमलं होतं, गप्प करणं कोर्समध्ये नव्हतं! शेवटी तो आपणहून थांबला तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

"बोलतो," जनकाबाई म्हणाल्या. "बोलतो बाई!"

हरिचंदभाऊंनी लेकीकडं बघितलं. "काय गं? त्यानं तुलाच सांग म्हनलंय."

साक्षीनं एकदा चादरीकडं बघितलं. मग म्हणाली, "आत्या, जरा मागं घेता का? ते दोन वर्सांनी परत येनार म्हनले, त्याच्या पुढचं नीट ऐकू आलं न्हाई मला."

'आत्या' म्हणाली पोरगी! करुणाबाईंच्या अंगात हत्तीचं बळ आलं. पण मागं कसं घ्यायचं? मागं जायचा रस्ता त्यांना एकच ठाऊक होता, पहिल्यापासून. काचा फुटल्या, घर आलं, अंगण आलं, बाथरूम आलं, मार्कशीट गरगरली, आणि रत्नपालच्या उघड्या तोंडापाशी येऊन कॉम्प्युटरनं मान टाकली. माऊस हलेना, बटण चालेना, काही होईना! प्रेमानंदराव बाह्या सावरत वायरीकडं निघाले.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," जनकाबाईंनी त्यांना हातानं अडवलं. "उरलेलं लग्न झाल्यावर ऐकंल ती. तवा मागं घ्यायचीबी सोय नसती, आन बंद करायचीबी."