योग्य मार्गाने आलेला प्रकाश

नोंदणी कार्यालयाच्या दोन इमारती होत्या. पुढच्या इमारतीत खिडकी आणि मागच्या इमारतीत नोंदी. मधे फरशी घातलेलं एक अंगण. मागे बसणारे दप्तरवाले खाकरले, तर पुढे खिडकीवर बसलेल्या कारकुनाला त्यांचा घसा कितपत बसलाय हे कळायचं, एवढंच अंतर. पण नोंदीचा उतारा अंगणातून हातात धरून आणायची तरतूद नव्हती. उतारा 'जोडणीद्वारे प्राप्त व्हावा' असा नियम होता आणि जोडणीची तांब्याची तार केव्हाच निकामी झाली होती.

खिडकीवरच्या कारकुनाला सगळे 'खिडकीवाले' म्हणत, घरीसुद्धा. "लिंक नाही" हे दोन शब्द तो इतकी वर्षं म्हणत आला होता, की बायकोनं भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारलं तरी आधी तोंडातून "नाही" निघे आणि चव तो नंतर घेई.

वरून आदेश आला, की तार काढून फायबर ऑप्टिक केबल टाकावी. लगेच 'योग्य केबल निवड समिती' नेमली गेली. समितीचा सचिव म्हणून खिडकीवाल्याला घेतलं, कारण लिंक नसण्याचा एवढा सलग अनुभव कार्यालयात दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्यानं हे काम मनावर घेतलं. त्याला कारण होतं. रांगेत त्याची सख्खी मोठी बहीण उभी होती. ताईच्या कचेरीत तिची बढती ठरली होती आणि जन्मनोंदीच्या उताऱ्यावाचून ती अडली होती. तिथं तिच्या शेजारच्या टेबलावरचा एक जण त्याच खुर्चीवर डोळा ठेवून बसला होता.

"अरे, ऊठ, अंगण ओलांड आणि घेऊन ये," ताई म्हणाली. "पाय मोडलेत का तुझे?"

"पाय आहेत गं. तरतूद नाही."

"मी तुला कडेवर घेऊन अख्खी गल्ली हिंडलेय."

"असशील," खिडकीवाला म्हणाला. "त्याची नोंद मागे असेलही. पण लिंक नाही."

समितीच्या पहिल्या बैठकीला केबल कंपनीच्या अभियंता बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी टेप काढून अंगण मोजलं. समितीला हे जरा उतावीळपणाचं वाटलं.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "केबल दोन जातीची असते. सिंगल मोडमधली काच अगदी बारीक, तिच्यातून प्रकाश एकाच वाटेनं जातो. ती लांबच्या पल्ल्याला. मल्टिमोडमधली काच थोडी जाड, तिच्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो. ती जवळच्या कामाला. तुमचं अंगण एवढंसं. मल्टिमोड घ्या, उद्या टाकून देते."

'उद्या' हा शब्द समितीला झोंबला. अधीक्षकांनी चष्मा पुसला.

"अनेक वाटा म्हणजे नेमक्या कोणत्या?"

"तसं सांगता येत नाही. प्रकाश आतल्या आत आपटत जातो."

"म्हणजे नोंद कोणत्या वाटेनं आली हे कार्यालयाला कळणारच नाही. उद्या चौकशी लागली तर आम्ही काय सांगायचं, आपटत आली?"

"सिंगल घ्या," संचालक म्हणाले. "वाट एक असली की दोषी शोधायला सोपं जातं."

"घ्या," बाई म्हणाल्या. "ती पिवळ्या रंगात येते."

अधीक्षकांनी पुन्हा चष्मा पुसला. कार्यालयात प्रलंबित फायलींना पिवळी फीत बांधत असत.

"रंगानं प्रकाशाला काही फरक पडत नाही," बाईंनी समजूत घातली.

"फितीनं फायलीलाही काही फरक पडत नाही," अधीक्षक म्हणाले. "तरी ती थांबतेच ना?"

अखेर 'सदर पिवळा हा प्रलंबित पिवळा नसून चालू पिवळा आहे' अशी टीप खिडकीवाल्यानं इतिवृत्तात घातली आणि बैठक पुढे सरकली. मग बाईंनी नकाशा पसरला आणि मागच्या इमारतीपासून खिडकीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. अधीक्षक त्या रेघेकडे, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

"ही माझ्या टेबलावरून जात नाही."

"अंगणातून जाते. जवळचा रस्ता आहे."

"म्हणजे दप्तरवाल्यांकडून निघालेली नोंद थेट जनतेच्या हातात? मधे कुणीच नाही? बाई, या कार्यालयात पाण्याचा ग्लाससुद्धा योग्य मार्गाने येतो."

बाईंनी रेघ खोडली. नवी रेघ दप्तरवाल्यांकडून निघून कनिष्ठ लिपिकाच्या टेबलावर चढली, तिथून वरिष्ठ लिपिकाकडे, जिन्यानं अधीक्षकांकडे, आणखी एक जिना चढून संचालकांकडे आणि शेरा घेऊन त्याच क्रमानं उलटी खाली. प्रत्येकानं आपल्या टेबलावर केबल तोडून पुन्हा जोडावी असा आग्रह धरला. एका टोकाला आवक, दुसऱ्या टोकाला जावक.

"प्रत्येक जोडावर थोडा प्रकाश गळतो," बाईंनी सांगितलं.

"इतकी वर्षं इथं बसलोय," वरिष्ठ लिपिक म्हणाले, "आमच्याही अंगातला गळलाच आहे की."

एवढ्यावर काम भागलं असतं. पण अशी केबल इतर देशांत कशी निवडतात याचा अभ्यास करायला संचालक परदेशी जायला निघाले, आणि खिडकीवाल्याच्या मनात, सचिव या नात्यानं, एक शंका आली. ती त्यानं गिळायला हवी होती. त्यानं ती विचारली.

"साहेब नसताना त्यांच्या टेबलावर आलेला प्रकाश पुढे कसा जाणार?"

समितीनं त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. साहेब जिथं, तिथं त्यांचं टेबल, हा नियम जुनाच होता. म्हणजे केबल साहेबांच्या मागोमाग जायला हवी होती. साहेब समुद्रापलीकडच्या एका हॉटेलात उतरणार होते. अभियंता बाईंनी अंगणाचा नकाशा गुंडाळून ठेवला. मग त्यांनी पिशवीतून दुसरंच माहितीपत्रक काढलं. त्यावर जहाजाचं चित्र होतं.

"समुद्राखालून टाकायची वेगळी येते," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "पोलादी कवच असतं. क्वचित शार्क चावतात."

"त्यांना पूर्वसूचना दिलेली आहे का?" अधीक्षकांनी विचारलं.

पूर्वसूचनेचा मसुदा खिडकीवाल्यानं केला. 'चावण्यास हरकत असल्यास तसे लेखी कळवावे' असं एक वाक्य त्यात चुकून आलं. ते सगळ्या टेबलांवरून तसंच पुढे गेलं आणि आजतागायत शार्कांकडून उत्तर आलेलं नाही.

जहाज निघालं. या काळात ताई रोज येत राहिली. तिच्या कचेरीनं 'शासकीय कामासाठी' म्हणून तिला रोजची सवलत दिली होती. आधी ती उभी राहायची, मग तिनं घडीची खुर्ची आणली, मग तिच्या पुढच्या-मागच्यांनीही आणल्या. एका निवृत्त मास्तरांनी बुद्धिबळाचा पट आणला. ताईनं विणकाम काढलं. एक स्वेटर पूर्ण होऊन अंगावर चढला आणि त्याची कोपरं झिजायला लागली. आपल्यामुळे ताईची बढती हुकली तर जन्मभर तोंड दाखवता येणार नाही, या धाकानं खिडकीवाला रोज जहाज कुठवर पोचलं याची चौकशी करायचा.

अखेर तो दिवस उगवला. रांगेत ताई पहिली होती. दप्तरवाल्यांनी मागे बटण दाबलं. प्रकाश निघाला, टेबलं चढला, समुद्र ओलांडून हॉटेलच्या खोलीत साहेबांच्या उशाजवळून वळला, परत समुद्र, परत टेबलं, आणि ताई पर्स उघडेपर्यंत उतारा खिडकीत येऊन पडला.

खिडकीवाल्याचे डोळे भरून आले. "ताई, घे. झालं तुझं काम."

ताई उताऱ्याकडे बघत राहिली. "एवढ्यात?"

वरच्या मजल्यावर अधीक्षक आपलं टेबल वरून-खालून तपासत होते. "इथूनच गेला म्हणता? मला दिसला नाही. फाईल जाताना माणूस निदान तिला 'बस' तरी म्हणतो."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत रांग संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवाला येऊन बघतो, तर सगळे पुन्हा खुर्च्या मांडून बसलेले. सगळ्यांत पुढे ताई.

"काय गं? उताऱ्यात चूक निघाली?"

"उतारा चोख आहे. पर्सच्या तळाशी ठेवलाय," ताई आवाज खाली करून म्हणाली. "घरी बोलू नकोस. तुझ्या भावजींना वाटतंय अजून लिंक नाही."

"आणि बढती?"

"बढती म्हणजे तासभर आधी जा, तासभर उशिरा या, आणि घरी येऊन स्वयंपाक आहेच. इथं मला बसायला मिळत होतं रे. कुणी हाक मारत नव्हतं."

"मी तुझ्यासाठी समुद्रातून केबल आणली, ताई."

"तुला कुणी सांगितलं होतं? मी अंगण ओलांड म्हणाले होते. तेही पहिल्याच दिवशी."

तिच्या मागून मास्तर पुढे आले. त्यांना घरी नातवाचा अभ्यास घ्यावा लागत होता. त्यांच्या मागच्या गृहस्थांना भावाकडे वाटणीच्या बोलण्यांसाठी जायचं होतं. एकीला सासूला दवाखान्यात न्यायचं होतं. इतके दिवस प्रत्येकाकडे एक खणखणीत सबब होती, आणि ती कार्यालयानं लोकांना विश्वासात न घेता काढून घेतली होती. 'जुनी तार पूर्ववत करावी' असं निवेदन त्यांनी दिलं.

समिती तातडीनं बसली. केबल बंद करणं शक्य नव्हतं, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला साहेब होते आणि त्यांचा अभ्यास अजून चालू होता. पण लोकभावना डावलणंही बरं दिसलं नसतं. तोडगा खिडकीवाल्यालाच सुचला. जुनी तार आणता येत नसली तरी लिंक नसल्याचं प्रमाणपत्र देता येईल. 'अर्जदार दिवसभर या कार्यालयात उपस्थित होते. लिंक नव्हती.' खाली गोल शिक्का.

हा दाखला आता सगळ्या टेबलांवरून, समुद्राखालून आणि साहेबांच्या उशाजवळून पापणी लवायच्या आत खिडकीत येतो. तो न मिळाल्याची तक्रार एकदाही आलेली नाही. ताईची बढतीची खुर्ची शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली. आता तोही कधीकधी रांगेत दिसतो. जन्मनोंदीचे उतारे मागायला मात्र फारसं कुणी येत नाही.

रांग फाटकाबाहेर गेली आहे. तिच्यात आईला फोन न केलेले आहेत, मित्राच्या आजारपणात न गेलेले आहेत, निरोप वाचूनही न वाचल्यासारखं करणारे आहेत. परवा तुम्हीही होता, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मान खाली घालून. तुमचा नंबर आला तेव्हा खिडकीवाल्यानं वर न बघता विचारलं, "कोणत्या तारखेचा हवा?"

आणि तुम्ही क्षणभर विचार करून म्हणालात, "तारीख मोकळी सोडता येईल का?"