पहिला मोठा बिघाड

चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या एका गृहस्थाच्या घराची एका मोटार कंपनीने 'सर्वसाधारण कुटुंब' म्हणून रीतसर निवड केली. कंपनीने परवडणाऱ्या किमतीतली नवी सेडान बाजारात आणली होती आणि ती दीर्घकाळ कितपत टिकते, हे एखाद्या खऱ्याखुऱ्या कुटुंबाच्या हाती देऊन पाहायचे होते. नवरा, बायको, एक मूल आणि एक ज्येष्ठ व्यक्ती असे चौघांचे घर हवे होते. चौघांपैकी कोणातही काही विशेष नसावे, ही मुख्य अट होती. तो स्वतः, शाळेत भूगोल शिकवणारी त्याची बायको, चौथीतली मुलगी आणि त्याची आई, सगळे या अटीत चपखल बसले.

"म्हणजे आपल्यात काही विशेष नाही, हे शोधायला कंपनीची माणसं आली होती?" आईने विचारले.

"किती घरं पालथी घातली त्यांनी, आई. शेवटी आपलंच निवडलं," तो अभिमानाने म्हणाला.

गाडी फुकट, पेट्रोल फुकट, देखभाल फुकट. बदल्यात फारसे काही करायचे नव्हते. गाडीचा पहिला मोठा बिघाड होईपर्यंत चाचणी चालणार होती आणि तोवर चाचणीची परिस्थिती स्थिर ठेवायची होती. म्हणजे तेच चौघे, त्याच जागा, तोच पत्ता आणि दर रविवारी तीच फेरी: घरापासून उड्डाणपुलावरून शहराबाहेरच्या तलावापर्यंत आणि परत. मागच्या सीटवर, आजी आणि नात यांच्या मधोमध, कंपनीचा निरीक्षक बसणार होता.

"किती वर्षं चालेल हे?" बायकोने किल्ली देणाऱ्या इंजिनियरला विचारले.

"काळजी करू नका, मॅडम," इंजिनियर धीर देत म्हणाला. "या किमतीत तीन-चार वर्षांत काहीतरी जातंच."

काही जाऊ नये, अशी चौघांनीही मनोमन प्रार्थना केली. ती ऐकली गेली, आणि इथूनच सगळे बिघडले.

पहिली वर्षे छान गेली. तलावाजवळच्या वळणांवर मुलीला हमखास उलटी व्हायची आणि ती बहुधा निरीक्षकाच्या बुटांवर व्हायची. निरीक्षक सडपातळ, टाय लावणारा, मितभाषी तरुण होता. तो बूट पुसायचा आणि 'अंतर्गत स्वच्छता सुलभ' अशी नोंद करायचा. फेरीला निघण्यापूर्वी बाहेरच्या खोलीत काटा ठेवून तो चौघांचे वजन करी. आई वयोमानाने वाळू लागली तेव्हा तिच्या पिशवीत लोखंडी वजने घालून तूट भरून काढण्यात आली. मुलगी उंच होऊ लागली तेव्हा प्रश्न कंपनीच्या चाचणी समितीपर्यंत गेला. तिने वाढायला समितीची हरकत नव्हती. वर्गवारी मात्र 'बालक' हीच राहणार होती.

चौथ्या वर्षी काही गेले नाही. पाचव्या वर्षीही गेले नाही. सहाव्या वर्षी बायकोच्या शाळेने दुसऱ्या गावात शाखा काढली आणि तिला मुख्याध्यापिका म्हणून येता का, असे विचारले.

"अहो, घरसुद्धा देतायत," ती म्हणाली. जेवणे आटोपली होती आणि ती ताटे न उचलता तशीच बसली होती.

"पण पत्ता बदलेल गं."

"बदलेलच. घर बदललं की पत्ता बदलतो. हे मी मुलांना शिकवते."

"एखादं वर्ष थांब. स्वस्तातली गाडी आहे, किती दिवस चालणार?"

तिने ती जागा नाकारली. दुसऱ्या कोणीतरी बाई तिथे मुख्याध्यापिका झाल्या. पुढच्या रविवारी उड्डाणपूल चढताना, इतक्या वर्षांत प्रथमच, ती कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होती. आवाज अत्यंत समाधानकारक होता.

मुलीला बारावीनंतर दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. 'बालक' या वर्गवारीत कॉलेज बसत नव्हते. निरीक्षकाने ही अडचण सौम्य शब्दांत सांगितली तेव्हा मुलीने त्याच्याकडे शांतपणे पाहिले. "काका, मी जाणार," ती म्हणाली. आणि गेली. कंपनीने समंजसपणा दाखवला. रविवारी निरीक्षक तिच्याच वजनाची वाळूची गोणी घेऊन आला, ती खिडकीशी बसवली आणि तिला पट्टा बांधला.

"हिला निदान उलटी होत नाही," आई म्हणाली. पण तलावाजवळची वळणे आली तेव्हा तिने निरीक्षकाच्या पलीकडे हात लांबवून गोणी घट्ट धरून ठेवली.

त्यानंतर कुटुंबाने एकमताने, पण एकमेकांशी चकार शब्द न बोलता, गाडी बिघडवायचे ठरवले. तो गतिरोधकांवरून वेग कमी न करता जाऊ लागला. आई चाकांतली हवा निघेल इतक्या जोराने दार आपटू लागली. बायकोने हातातले विणकाम बाजूला ठेवले आणि चालत्या गाडीत हँडब्रेक ओढून पाहिला. गाडी प्रत्येक वेळी किंचित खाकरली आणि पुढे चालू लागली. शेवटी एका रविवारी निघण्याआधी त्याने रेडिएटरमधले पाणी काढून टाकले. उड्डाणपुलाच्या ऐन माथ्यावर बॉनेटखालून पांढरी वाफ निघाली, मग काळा धूर, मग एक खणखणीत आवाज. इंजिन जाम झाले.

तिघे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आईने पर्समधून चॉकलेट काढून त्याचे तुकडे केले. बायकोने मुलीला फोन लावला आणि म्हणाली, "गेली गं, एकदाची गेली." पलीकडून मुलगी घाबरून "आजी?" असे विचारू लागली. बायकोला रडू फुटले आणि हसूही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. फार दिवसांनी ठेवला होता, त्यामुळे नेमका कुठे ठेवायचा, याचा त्याला क्षणभर अंदाज येईना.

समितीने मात्र घाई केली नाही. अध्यक्षांनी त्याला कार्यालयात बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले.

"आमच्या व्याख्येप्रमाणे मोठा बिघाड म्हणजे असा बिघाड, ज्यानंतर ग्राहक वैतागून गाडी विकून टाकतो," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही विकलीत?"

"गाडी तुमची आहे. मी कशी विकणार?"

"म्हणजे विकली नाहीत."

"नाही."

"मग बिघाड किरकोळ आहे. अभिनंदन."

त्याच आठवड्यात गाडीला नवे इंजिन बसले. ते आधीच्यापेक्षा चांगले निघाले.

पुढच्या रविवारी पाऊस होता म्हणून फेरीआधी निरीक्षक थोडा वेळ घरात थांबला. बायकोने चहा दिला. आता त्याच्याही केसांत पांढरे दिसू लागले होते.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय."

"बंद?" डोळे तपासणाऱ्याने विचारले. "का?"

"बिघडत नव्हतं. सुटे भाग खपेनात. वर्कशॉपवाले तक्रार करायला लागले."

"मग आपण दर रविवारी काय तपासतोय?"

"ही गाडी घ्यावी की नाही, ते."

"अहो, पण ती मिळतच नाही तर घेणार कोण?"

"तो विक्री विभागाचा विषय आहे." निरीक्षकाने कप खाली ठेवला. "आमच्या विभागाला ही एकच गाडी आहे. बंद पडली, की सगळेच घरी. मला दोन मुलं आहेत. बायको विचारते, रविवारी असता कुठे? मी सांगतो, कुटुंबाबरोबर असतो."

हे तो विनोदाने म्हणाला नव्हता. आईने बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली. पाऊस थांबला, आणि सगळे उठून फेरीला गेले.

पण त्या दिवशी आईने काहीतरी ठरवले असावे. आठवड्याभरात तिने बॅग भरली. "मी नातीकडे चालले," तिने मुलाला सांगितले. "तिच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. मला आता पिशवीत लोखंड घेऊन हिंडवत नाही."

"आई, अगं चाचणी..."

"चालू दे की. मी कुठे थांबवतेय?"

निरीक्षकाने हळूच सांगितले की आजींच्या जागीही गोणी ठेवावी लागेल.

"ठेव ना," आई म्हणाली. "फक्त दोघींना जरा टेकवून बसव. वळणावर कलंडतात."

त्यानंतरच्या फेऱ्या शांत झाल्या. मागे दोन गोण्यांच्या मध्ये निरीक्षक, पुढे नवरा-बायको. गाडीच्या आतल्या आवाजाची पातळी इतकी सुधारली की समितीने खास समाधान व्यक्त केले. नवरा-बायको एकमेकांशी भांडत नव्हते. भांडायला विषय लागतो, आणि आता त्यांच्यात डावे वळण आणि उजवे वळण एवढेच विषय उरले होते.

एका रविवारी तलावाकडे जाताना बसस्थानकाजवळच्या सिग्नलला गाडी थांबली. बायकोने पट्टा सोडला.

"मी इथे उतरते," ती म्हणाली.

"इथे? फेरी अर्धीही झाली नाही."

"मुलीकडे जाते. येताय?"

तिने खरोखर विचारले होते. ती दाराला हात लावून थोडी थांबलीसुद्धा. त्याने आरशात पाहिले. आरशात निरीक्षक मान खाली घालून बसला होता. मग तिने दार उघडले, उतरली, हलकेच लावले आणि रस्ता ओलांडून फलाटावर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात फक्त पर्स होती.

"सिग्नल हिरवा झालाय," निरीक्षक म्हणाला.

"हो," तो म्हणाला, आणि त्याने पहिला गिअर टाकला.

असे का केलेस, हे त्याला नंतर अनेकांनी विचारले. त्याच्यापाशी एकच उत्तर होते: मागून हॉर्न वाजत होते.

तो तलावापर्यंत गेला आणि परत आला. बाजूच्या सीटचे वजन कमी पडले, याची निरीक्षकाने नोंद केली. तिच्या जागेसाठी गोणी मात्र आली नाही. कुटुंबात चालकाखेरीज किमान एक जिवंत सदस्य हवा, असे एक कलम निघाले आणि समितीने चाचणी संपल्याचे जाहीर केले. निष्कर्ष निर्विवाद होता. गाडीचे सर्व भाग सुस्थितीत होते. कुटुंबाचे एकेक भाग क्रमाने निकामी झाले होते. समितीने पाच तारे दिले आणि शास्त्रीय भाषेत एक वाक्य लिहिले: ही गाडी कुटुंबापेक्षा टिकाऊ आहे.

जाहिरात विभागाला ते वाक्य फार आवडले. 'तुमच्या कुटुंबापेक्षा टिकाऊ!' असे फलक चौकाचौकांत लागले. लोक सिग्नलला थांबून ते वाचत आणि कौतुकाने मान हलवत. मागणी इतकी वाढली की कंपनीला बंद केलेले मॉडेल पुन्हा काढावे लागले. या वेळी त्यात वेळच्या वेळी बिघडणारे भाग घातल्याने वर्कशॉपवालेही खूश होते. निरीक्षकाला बढती मिळाली आणि रविवारसोबत शनिवारचीही फेरी देण्यात आली.

नव्या गाडीच्या उद्घाटनाला डोळे तपासणाऱ्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले. हॉल भरला होता. कंपनीने लिहून दिलेले भाषण त्याने खिशातून काढलेच नाही. त्याने सगळे जसेच्या तसे सांगितले. बायकोची हुकलेली जागा, मुलीची गोणी, सिग्नल.

"आता रविवारी मी बसने मुलीकडे जातो," तो शेवटी म्हणाला. "तिघी तिथेच असतात. बायकोला तिथल्या शाळेत नोकरी लागलीय. सुरुवातीला त्या मला खुर्चीवर बसवून चहा द्यायच्या, पाहुण्याला देतात तसा. फार लागायचं. गेल्या आठवड्यात बायको फोनवर म्हणाली, येताना अंगाचा साबण आणा, संपलाय. साबण घेताना दुकानात मला रडू आलं. त्या सिग्नलला उतरायला मी तयार असतो, तर हे सगळं... असो. एवढंच सांगायचं होतं."

बऱ्याच जणांनी डोळे टिपले. मग तिसऱ्या रांगेतला, मांडीवर मूल घेतलेला एक गृहस्थ संकोचाने उभा राहिला. शेजारी त्याची बायको होती.

"फार मनापासून बोललात," तो म्हणाला. "आम्ही दोघंही हेलावलो. फक्त एक विचारायचं होतं. मागे दोन गोण्या असताना ॲव्हरेज किती द्यायची?"

सगळा हॉल पुढे वाकला. डोळे टिपणारेही वाकले.

"सतरा," डोळे तपासणारा म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कार्यक्रम संपला. गोष्टही खरे तर इथेच संपते. पण तुम्ही अजून वाचताय, त्या अर्थी तुमच्या मनात काय आहे ते कळले. एसी लावून पंधरा.