आबांचा सर्व्हर पडतो तेव्हा

आमच्या शेजारच्या आबांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नाही. "एकशेचाळीस दिवस झाले, पडलेलो नाही," असं ते छाती काढून सांगतात. नवखा माणूस कळवळून "आधी कुठं पडला होतात?" म्हणतो आणि फसतो. आबा त्याचा हात धरून त्याला स्वयंपाकघरात नेतात आणि पिठाच्या डब्याशेजारचा काळा कॉम्प्युटर दाखवतात. बंद न पडलेला तो असतो.

आबा मूळचे पिंपळनेरचे, मधूनच अहिराणीत सगळ्याला 'बठ्ठं' आणि आहेला 'शे' म्हणतात. धुळ्यातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्त होताना कॉलेजनं भंगारात काढलेलं एक मशीन त्यांनी घरी आणलं, त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि आमच्या गल्लीत वेब सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून कुठूनही उघडता येणारं मशीन, सुरू झाला. स्वयंपाकघरात का, तर इन्व्हर्टरचा प्लग तिथंच आहे. मी भूगोलाचा मास्तर. मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून आबा सगळं मलाच समजावतात.

"सर, रूट म्हणजे घरमालक. मालकाच्या नावानं कधी काम करायचं नाही. त्याला अडवणारं कोणी नसतं, मग तो चुकून बठ्ठं घर पुसून टाकतो." म्हणून रोजच्या कामाला त्यांनी 'गडी' नावाचं वेगळं खातं केलंय. "मशीनला हजारो दारं असतात. मी दोन उघडी ठेवली. एक माझ्यासाठी, एक पाहुण्यांसाठी. बाकी बठ्ठ्यांना कुलूप शे." मोठ्या मनानं त्यांनी मलाही एक खातं दिलं. त्यात मला फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. "तुमच्यावर भरवसा नाही असं नाही, सर. पण तुमची बोटं जाड आहेत."

आता एवढ्या कडीकुलपात ठेवलंय काय? तर अक्कांचा स्वयंपाक. अक्का म्हणजे आबांची बायको. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मुलगी सुजाता बंगळूरला असते. अक्का होत्या तेव्हा तिचा रोज फोन यायचा, "आई, कळण्याच्या भाकरीला उडीद किती घेऊ?" मायलेकी तासभर बोलायच्या. शेवटी फोन आबांकडे यायचा. "पप्पा, बरे आहात ना?" "बरा." संपलं. अक्का गेल्या आणि फोनही आटला. विचारायचं ते आबांना थोडंच येणार होतं.

मग आबांनी गल्लीतल्या बायकांना विचारविचारून अक्कांच्या हातचे सगळे पदार्थ त्या मशीनमध्ये भरले. घरात काय आहे ते टाइप करायचं, की पडद्यावर अक्कांच्या बोलीत उत्तर येतं. वांगं लिहिलं की, 'कपाशीच्या काड्यांवर भाज माय, गॅसवर नको.' सुजाता ते बंगळूरहून उघडते. कोण केव्हा आलं याची नोंद मशीन ठेवतं, आणि आबा रोज सकाळी चहासोबत ती वाचतात. "काल मेथी लिहिली होती, सर. दोनदा उघडलं. पहिल्यांदा बिघडली असणार." पोटच्या मुलीची खबर हा माणूस अशी मशीनकडून घेतो. मला राग यायचा.

एका रविवारी अपडेट करताना सर्व्हर पडला. आबांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात फोन वाजला. "पप्पा, आईचं पान उघडत नाही." दुरुस्ती होईपर्यंत पाऊण तास ती बोलत होती. जावयाची बदली, गुडघेदुखी, सगळं. आबांनी दुपारी मला बोलावून हे सगळं दोनदा ऐकवलं.

त्यानंतर सर्व्हर दर रविवारी पडायला लागला. बरोबर अकराला. मी जाड बोटांचा असेन, पण एवढा काही भोळा नाही. एका रविवारी दहा मिनिटं आधीच जाऊन बसलो. आबांनी माझ्यादेखत कमांड दिली, सर्व्हर बंद केला आणि खुर्ची फोनकडे वळवली. लाजले वगैरे नाहीत. "बसा सर, आता वाजेल."

वाजला. सुजाता म्हणाली, "पप्पा, तुम्हाला या वयात किती त्रास होतो. मी आईचं सगळं वहीत उतरवून घेतलंय. आता पडला तरी पडू दे, तुम्ही आराम करा." आबा म्हणाले, "हुशार शेस माय. बरं केलंस." पोरीनं अगदी मायेनं केलं होतं, दोष कुणाला द्यायचा?

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. सर्व्हर बंद होता. साडेअकरा झाले, बारा झाले. मला बघवेना. "आबा, तुम्हीच लावा की फोन," मी म्हणालो.

"लावून सांगू काय? तिच्या कामाचं आता माझ्याकडं काही नाही, सर."

मग उठून त्यांनी सर्व्हर चालू केला, चालला की नाही ते दोनदा तपासलं, हात धोतराला पुसले आणि नंबर लावला.

"सुजाता? मी बोलतोय... नाही, चालू शे. काहीच बिघडलं नाही... नाही गं, तब्येतही बरी शे."

पलीकडून तिनं काहीतरी विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

"काम काहीच नाही, माय," ते म्हणाले. "करमत नव्हतं."