चिमाबाईंच्या दोन एक्क्यांची हकीकत

श्रीगजाननाने लेखणीस बळ द्यावे, शारदेने अक्षर सांभाळावे, आणि ज्या मातेचे हे वर्तमान तिला ऐकणाराने हसू नये. शके सोळाशे एक्क्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, चैत्र वद्य पंचमी. ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव येथे घालण्याचे प्रयोजन नाही, चिमाबाई सरदारीण पत्त्यांच्या पानांच्या पटावर बसल्या. कारण की सरदार मोहिमेत पडले, मागे आठ महिन्यांची लेक मंजुळा राहिली, आणि बापाची सरदारी लेकीच्या नावे चालली. त्या राज्याची चाल ऐशी, की बाप पडलेल्या लेकरावर जितके दावा सांगतील तितक्यांनी पटावर बसावे, प्रत्येकास सारख्या कवड्या द्याव्या, ज्याच्या कवड्या सरल्या त्याने उठावे, आणि शेवटी जो राहील त्याने लेकरू उचलून आपल्या घरी न्यावे. आईचा दावा इतरांसारखाच एक. ऐसे दावेदार सहा जाहले.

खेळ ऐसा, की प्रत्येकास दोन पाने झाकून मिळत, मग मध्ये पाच पाने उघडत, ती सर्वांची मिळून, आणि त्यांत ज्याचा मेळ भारी तो कवड्या ओढी. मधली पाने उघडण्याआधी कोणी चढ करावी, म्हणजे कवड्या वाढवून मांडाव्या, मग इतरांनी तितक्या मांडाव्या अथवा पाने टाकावी. चिमाबाईंस हा खेळ त्यांच्या ठकूआत्यांनी शिकविला. आत्याबाई बोलण्यात तिखट. म्हणाल्या, "अगं चिमे, दहा जण बसले की राजांच्या जोडीलाही धाकधूक असते, कोणाकडे तरी एक्के निघतात. सहांत तसं नाही. सहांत दश्शीची जोडी आली तरी तू पाटलीण, आणि निम्मे उठले की अठ्ठीचीही चालते. पण एक्के आले, राजे आले, तर लाजत बसू नकोस. लगेच चढ कर. भारी पानांचा गळा कोण कापतो ठाऊक आहे? फुकट बघायला बसलेला भिकार पानांचा माणूस. त्याला दारातच अडव."

मग पट मांडिला. पहिल्या फेरीस बाईंस राजांची जोडी आली, आणि त्यांनी लगेच चढ केली, एक चुलत सासरे ईर्ष्येने भिडले आणि उठले. मग एक्का आणि राजा आले, तेव्हाही चढ केली, परंतु मध्ये मेळ मिळाला नाही, समोर दिरांचा जोर दिसला, तेव्हा बाईंनी ती पाने जीव न लावता टाकिली. मग दश्शीच्या जोडीवर आणखी दोघे उठविले. मधे पट थांबे तेव्हा बाई पडद्याआड जाऊन मंजुळेस पाजीत, आणि लेक पिता पिता आईचे बोट मुठीत घट्ट धरी, ते सोडवून पटावर येणे हेच त्या दिवसाचे सर्वांत कठीण काम होते. दीर दादजीराव हसून बोलिले, "वहिनीसाहेब, पाळणा हलवणारा हात आणि पाने हलवणारा हात एकच का?" बाई बोलिल्या, "होय भावोजी. रडणारे दोन्हीकडे निजतात." तेव्हा सभा हसली, आणि दादजीराव हसले नाहीत.

दोन प्रहरी तिघे उरले. चिमाबाई, दादजीराव, आणि सासरे हिरोजीराव. दादजींची रास बाईंच्या राशीहून मूठभर मोठी, हिरोजीरावांची अगदी लहान. मग पाने वाटली, आणि बाईंनी कोपरा उचलून पाहिले, तो दोन एक्के. हिरोजीरावांनी थोड्या कवड्या मांडिल्या, दादजींनी तितक्याच मांडिल्या, आणि बोलण्याची पाळी बाईंची आली. बाईंनी चढीसाठी मूठ भरली. ते समयी हिरोजीराव, ज्यांनी लेक जन्मली त्या दिवसापासून सुनेशी शब्द बोलिला नव्हता, ते मृदू स्वरे बोलिले, "सूनबाई, दमलात. या डावाला चढ राहू द्या. सगळे मिळून पाने पाहू."

सूनबाई हा शब्द कानी पडताच बाईंनी वर पाहिले. मनात आले, यांनी आपले मानिले, उद्या नातीसही मानितील, आणि वडिलांनी मागितल्यावर त्यांच्या कवड्यांवर चढ करणे सुनेस शोभत नाही. मागे ठकूआत्या खाकरल्या. बाईंनी ऐकिले आणि चढीची मूठ आपल्याच राशीवर उघडली. म्हणाल्या, "जशी आज्ञा, मामंजी."

मग मध्ये तीन पाने उघडली. नव्वी, पंजी, चौकी. आता बाईंनी चढ केली, हिरोजीरावांनी लागलीच पाने टाकिली, आणि दादजींनी शांतपणे तितक्या मांडिल्या. चौथे पान राणी पडले. बाईंनी सर्व कवड्या पुढे सारिल्या, दादजींनी क्षण न दवडता हो म्हटले, आणि पाने उताणी केली. पंजी आणि चौकी. त्यांच्या दोन जोड्या झाल्या, आणि बाईंची एक्क्यांची एकच, ती हरली. पाचवे पान दुर्री आले, ते कोणाच्या कामाचे नव्हते, आणि बाईंच्या कवड्या सरल्या.

दादजीराव म्हणाले, "वहिनीसाहेब, खरे सांगू? तुम्ही आधी एक चढ केली असती ना, तर ही भिकार पाने मी टाकलीच असती." बाईंनी सासऱ्यांकडे पाहिले. म्हणाल्या, "मामंजी, आपली आज्ञा होती." हिरोजीराव उपरणे सावरीत बोलिले, "आज्ञा कुठली? आम्ही सहज सुचवले." आणि त्यांनी आपली उरली रास लेकाकडे सारिली, खेळ संपला.

मंजुळा दूध पिऊन निजली होती, तशीच दादजींनी उचलून नेली. आईचे बोट धरलेली तिची मूठ उघडण्यास दोन दासी लागल्या. पुढे आषाढात जासूद आला, त्याने वर्तमान आणिले, की लेकीने पहिला शब्द काढिला, तो 'आई'. कोणाकडे पाहून म्हणाली हे जासूदाने सांगितले नाही आणि बाईंनी पुसिले नाही.

एकूण मजकूर इतकाच. पाने खोटी नव्हती, शिकवणही खोटी नव्हती. भारी पाने हाती असता बाई एकदाच गप्प राहिल्या, आणि त्या राज्यात आजही त्यास सुनेचा विनय म्हणतात.